नववी-दहावीची भूमिती: उत्तराइतकंच कारणालाही मोल

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी गावातल्या जिल्हा परिषद शाळेतून आठवी झाली. जूनपासून तालुक्याच्या हायस्कूलला नववीत जाईल. आतापर्यंत गणिताचं एकच पुस्तक होतं, आता दोन येतील आणि त्यातलं दुसरं सगळं भूमितीचं. ‘बीजगणित जमतं, भूमितीत लेकरं अडकतात’ असं जो तो सांगतो. वर्गात नेमकं काय होतं आणि घरून काय करता येईल?

लेकरं अडकतात हे खरं आहे. पण भूमिती बीजगणितापेक्षा अवघड असते म्हणून नव्हे. नववीत मुलांकडून मागितलं जाणारं कामच बदलतं आणि तो बदल त्यांना कुणी उघड सांगत नाही. आठवीपर्यंत प्रश्न असतो, त्रिकोणाचे दोन कोन ५० आणि ६० अंशांचे आहेत, तिसरा किती? ७० लिहिलं की काम झालं. नववीत विचारतात, तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश कशावरून? लहानपणी कागदाच्या त्रिकोणाचे कोपरे फाडून एका रेषेवर जोडून पाहिलेले असतात, त्यामुळे मुलीला वाटतं की हे तर माहीतच आहे. पण शंभर त्रिकोण फाडले तरी त्या शंभरांचीच खात्री होते. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली, व्युत्क्रम कोन (समांतर रेषांच्या आत, छेदणाऱ्या रेषेच्या दोन विरुद्ध अंगांचे कोन) समान दाखवले आणि तीन कोन एका सरळ रेषेवर आणून ठेवले की जगातल्या प्रत्येक त्रिकोणाची खात्री होते. माहीत असलेली गोष्ट पुन्हा का सिद्ध करायची, हा प्रश्न मुलीने विचारला तर तिला गप्प करू नका. या प्रश्नाचं उत्तर ज्याला पटतं, त्याची भूमिती पुढे आपोआप सुटत जाते.

दोन वर्षांचा पसारा आधी सांगतो. राज्य मंडळाच्या नववीच्या गणित भाग २ मध्ये भूमितीतील मूलभूत संबोध, समांतर रेषा, त्रिकोण, त्रिकोण रचना, चौकोन, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि पृष्ठफळ व घनफळ अशी नऊ प्रकरणं आहेत. दहावीत सात: समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन. नावं पाहिली तरी लक्षात येईल की दहावीचं जवळपास प्रत्येक प्रकरण नववीच्या एखाद्या प्रकरणावर उभं आहे. नववी ‘बोर्डाची नाही’ म्हणून ढकलली, तर दहावीत समरूपता (आकार तोच, माप लहान-मोठं) सुरू होते तेव्हा संगत कोन आणि व्युत्क्रम कोन यांतला फरक आठवत नाही, आणि पहिल्याच प्रमेयाला गाडी थांबते. नववीतली दुसरं आणि तिसरं ही दोन प्रकरणं, म्हणजे समांतर रेषा आणि त्रिकोण, पक्की असतील तर बाकी बरंच भागतं.

आता सिद्धता. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. (पुस्तकात बिंदूंना इंग्रजी अक्षरं असतात, इथे अ, ब, क घेतो.) प्रत्येक सिद्धतेला चार कप्पे असतात. पक्ष म्हणजे दिलेली माहिती, साध्य म्हणजे दाखवायची गोष्ट, रचना म्हणजे आपण आकृतीत जादा काढलेली रेषा, आणि सिद्धता म्हणजे एकेक विधान व त्याच्यापुढे कंसात त्याचं कारण. हे कारण फक्त पाच प्रकारचं असू शकतं: पक्षात दिलेलं, रचनेने मिळालेलं, व्याख्येतून आलेलं, आधी सिद्ध झालेलं प्रमेय किंवा मान्य केलेलं गृहीतक, किंवा याच सिद्धतेतली वरची ओळ. ‘आकृतीत दिसतं’ हे कारण चालत नाही.

साधं उदाहरण घेऊ. त्रिकोण अबक मध्ये बाजू अब आणि बाजू अक समान आहेत. दाखवायचं आहे की कोन ब आणि कोन क समान. बरीच मुलं रचनेत लिहितात: ‘अ पासून बक वर अड हा लंब काढा, जो बक ला दुभागतो.’ चूक याच ओळीत झाली. एका बिंदूतून एका रेषेवर लंब काढता येतो. किंवा तो बिंदू समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूला जोडता येतो. किंवा कोन दुभागता येतो. या तीनपैकी एकच गोष्ट तुम्ही स्वतःच्या अधिकारात करू शकता. एकच रेषा तिन्ही कामं करते ही समद्विभुज त्रिकोणाची खासियत आहे, आणि ती सिद्ध झाल्यावर कळते. आधी मागून घेता येत नाही. म्हणून एक निवडायची. कोनदुभाजक अड काढला, तर त्रिकोण अबड आणि अकड मध्ये अब = अक (पक्ष), कोन बअड = कोन कअड (रचना), अड ही बाजू सामाईक. बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटीने त्रिकोण एकरूप, म्हणजे तंतोतंत सारखे. म्हणून कोन ब = कोन क (एकरूप त्रिकोणांचे संगत कोन). लंब निवडला असता तर कर्णभुजा कसोटी (काटकोन त्रिकोणांचा कर्ण आणि एक बाजू समान) लागली असती, मध्यबिंदू निवडला असता तर बाबाबा (तिन्ही बाजू समान). तिन्ही वाटांनी जाता येतं. मुलीला घरी एकच काम द्या: हेच प्रमेय तिन्ही वाटांनी लिहून दाखव. रचना आणि कसोटी यांचं नातं एका संध्याकाळी कळेल.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे जे दाखवायचं तेच मध्ये कारण म्हणून वापरणं. वरच्याच उदाहरणात ‘कोन ब = कोन क (समद्विभुज त्रिकोणाचे कोन)’ असं लिहून कोकोबा (कोन-कोन-बाजू) कसोटी लावतात. गोल फिरून जागेवरच आलो. तिसरी चूक आकृतीमुळे होते. मुलं हात बसला म्हणून कुठलाही त्रिकोण काढताना समभुजासारखा काढतात, कुठलाही चौकोन आयतासारखा, आणि मग डोळ्यांना लंब नसलेला लंब दिसायला लागतो. इलाज सोपा आहे. जे दिलेलं नाही, ते आकृतीत मुद्दाम बिघडवायचं. ‘त्रिकोण’ म्हटलं की तिन्ही बाजू ठळकपणे वेगळ्या, ‘चौकोन’ म्हटलं की चारही कोन वाकडे.

सिद्धता पाठ करण्याबद्दल. शिक्षक फळ्यावर लिहितात, मुलं उतरवतात, परीक्षेआधी घोकतात. मग परीक्षेत अक्षरं बदलली, आकृती आडवी झाली, की पाठ असलेलंही सुचत नाही. त्याऐवजी प्रमेय एकदा नीट वाचावं, पुस्तक मिटावं, आकृती वेगळ्या अक्षरांनी आणि वळवून काढावी, मग लिहावं. अडलं तर पुस्तकातली फक्त पुढची ओळ पाहावी आणि पुन्हा मिटावं. रोज एक प्रमेय, पंधरा-वीस मिनिटं. न पाहिलेलं उदाहरण असेल तर साध्याकडून उलटं यावं. दोन रेषाखंड समान दाखवायचे आहेत? मग ते ज्यांच्या बाजू आहेत असे दोन त्रिकोण शोध. त्या त्रिकोणांचं काय काय समान माहीत आहे? काय कमी पडतं? कमी पडणारा तुकडा बहुतेक वेळा सामाईक बाजू, विरुद्ध कोन किंवा समांतर रेषांचे व्युत्क्रम कोन यांतून मिळतो.

एकरूपतेत अक्षरांचा क्रम हा शिस्तीचा भाग आहे. ‘त्रिकोण अबक एकरूप त्रिकोण पफर’ असं लिहिलं म्हणजे अ ची जोडी प शी, ब ची फ शी, क ची र शी. क्रम चुकला तर पुढे संगत बाजूंच्या जोड्या चुकतात, आणि समरूपतेत तर गुणोत्तरच उलटंपालटं होतं. ओळ लिहिण्याआधी समान कोनांवर एक रेघ, दोन रेघा अशा खुणा करून घ्याव्यात.

कसोट्यांबद्दल एक शंका हुशार मुलं हमखास काढतात: दोन बाजू आणि कोन म्हणजे बाकोबा आहे, मग कोन दोन बाजूंच्या मध्ये नसला तर काय बिघडतं? हे वहीवर करून पाहण्यासारखं आहे. अब = ८ सेमी घ्या. अ पाशी ३० अंशांचा कोन करून किरण काढा. आता ब केंद्र धरून ५ सेमी त्रिज्येचा कंस मारा. तो किरणाला दोन ठिकाणी छेदतो. एक बिंदू अ पासून सुमारे ३.९ सेमीवर, दुसरा सुमारे ९.९ सेमीवर. दिलेली मापं तीच, त्रिकोण दोन वेगळे. म्हणून ती कसोटी होऊ शकत नाही. काटकोन असेल तर मात्र ही अडचण राहत नाही, आणि म्हणूनच कर्णभुजा कसोटी वेगळी दिलेली आहे. हे हाताने काढून पाहिलेलं मूल कसोट्यांची नावं कधी विसरत नाही.

दहावीच्या समरूपतेत एक चूक इतकी पसरलेली आहे की ती स्वतंत्र सांगतो. त्रिकोण अबक मध्ये पफ ही रेषा बक ला समांतर आहे. प बाजू अब वर, फ बाजू अक वर. अप = ३, पब = २, बक = १०. पफ किती? मुलं प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयातलं गुणोत्तर, म्हणजे अप भागिले पब, उचलतात आणि पफ भागिले बक शी जोडतात. उत्तर येतं १५. त्रिकोणाच्या पोटातली रेघ पायापेक्षा लांब कशी असेल? प्रमाणाचं मूलभूत प्रमेय फक्त दोन बाजूंच्या तुकड्यांबद्दल बोलतं, समांतर रेषेच्या लांबीबद्दल काहीच सांगत नाही. लांबी हवी तर समरूप त्रिकोणच घ्यावे लागतात: छोटा अपफ, मोठा अबक, गुणोत्तर अप : अब म्हणजे ३ : ५, म्हणून पफ = ६.

त्याच प्रकरणात क्षेत्रफळांचं गुणोत्तर बाजूंच्या वर्गांच्या गुणोत्तराएवढं असतं हे प्रमेय येतं. शेतकऱ्याच्या घरात हे समजावणं सोपं आहे. समजा नकाशावर १ सेमी म्हणजे जमिनीवर ५० मीटर. मग नकाशावरचा १ चौरस सेमी म्हणजे ५० चौरस मीटर नव्हे. ५० × ५०, म्हणजे २५०० चौरस मीटर, म्हणजे २५ आर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्येच असतं, त्यामुळे मुलीला आकडा ओळखीचा वाटेल.

पायथागोरसचं प्रमेय सगळ्यांना आवडतं, कारण आकडे घातले की उत्तर येतं. पण प्रमेय आणि त्याचा व्यत्यास (म्हणजे तेच विधान उलट बाजूने) हे दोन वेगळे आहेत, आणि तो फरक बांधकामावर दिसतो. पाया आखताना गवंडी एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करतो आणि खुणांमधलं अंतर बरोबर ५ फूट येईपर्यंत दोरी सरकवतो. ५ आलं की कोपरा काटकोनात. इथे काटकोन आधी नव्हता, बाजूंवरून तो ठरवला. म्हणजे गवंडी रोज व्यत्यास वापरतो. परीक्षेत ‘हा त्रिकोण काटकोन आहे का ते ठरवा’ असं आलं की कारण म्हणून ‘पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास’ लिहायचं; नुसतं ‘पायथागोरसचे प्रमेय’ लिहिणं चूक आहे. ३-४-५, ५-१२-१३, ८-१५-१७, ७-२४-२५ ही त्रिकुटं तोंडपाठ असू द्या, वेळ वाचतो. ३०-६०-९० च्या त्रिकोणात ३० अंशांसमोरची बाजू कर्णाच्या निम्मी असते. मुलं ६० अंशांसमोरची निम्मी करतात. मोठ्या कोनासमोर मोठी बाजू, एवढं आठवलं तरी ही चूक टळते. कंपासपेटीतल्या दोन गुण्या म्हणजे हेच दोन त्रिकोण आहेत, एक ४५-४५-९० चा आणि एक ३०-६०-९० चा. पट्टीने त्यांच्या बाजू मोजायला सांगा.

वर्तुळ हे दहावीतलं सगळ्यात मोठं आणि प्रमेयांनी भरलेलं प्रकरण. स्पर्शिका-त्रिज्या, स्पर्शिकाखंड, स्पर्शवर्तुळं, आंतरलिखित कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका-छेदिका कोन, जीवांचं छेदन, अशी रांगच आहे. एकेक सुटं पाठ केलं तर गोंधळ होतो. त्यांचे दोन गट करावेत. एक गट कोनांचा. त्याचं मूळ आंतरलिखित कोनाच्या (ज्याचा शिरोबिंदू वर्तुळावर आणि भुजा वर्तुळाला छेदतात त्या कोनाच्या) प्रमेयात आहे: कोनाचं माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या मापाच्या निम्मं. अर्धवर्तुळातला कोन काटकोन, एकाच कंसातले कोन समान, चक्रीय चौकोनाचे (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर) समोरासमोरचे कोन पूरक, म्हणजे बेरीज १८० अंश, हे सगळं त्यातूनच निघतं. ‘अंतर्खंडित कंस’ कोणता हे ओळखताना चूक होते. कोनाच्या दोन भुजांच्या मध्ये सापडणारा, शिरोबिंदू ज्यावर नाही तो कंस घ्यायचा, मग तो मोठा का असेना.

दुसरा गट गुणाकारांचा, म्हणजे जीवा आणि छेदिकांच्या तुकड्यांचा. इथे नियम एकच: सगळी अंतरं छेदनबिंदूपासून मोजायची. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून छेदिका काढली, तिचा बाहेरचा भाग ४ आणि आतला भाग ५ असेल, तर मुलं ४ × ५ करतात. बाहेरच्या बिंदूपासून जवळचं टोक ४ वर आहे आणि लांबचं ९ वर. म्हणून ४ × ९ = ३६, आणि त्याच बिंदूतून काढलेल्या स्पर्शिकाखंडाची लांबी ६.

रचनांचे मार्क साहित्यावर जातात, म्हणून कंपासपेटीबद्दल बारकाईने सांगतो. कंपासचा सांधा घट्ट हवा. त्रिज्या धरून अर्धं वर्तुळ फिरवताना पाय सरकत असतील तर तो कंपास बदलावा. त्यात छोटी पेन्सिल, टोक केलेली, आणि तिचं टोक सुईच्या टोकाच्या बरोबरीत. खाली चार-पाच कागदांची गादी असली की सुई घसरत नाही. पट्टीवर मोजताना कडेपासून नाही, शून्याच्या रेघेपासून मोजायचं. कोनमापक पारदर्शक घ्यावा, म्हणजे मधली खूण शिरोबिंदूवर नेमकी बसवता येते.

कच्ची आकृती आधी हाताने काढून तिच्यावर मापं लिहायची, मग पक्की. कंसाच्या खुणा पुसायच्या नाहीत. लंबदुभाजक कंपासने काढला की पट्टीने अंदाजे ओढला, हे तपासणाऱ्याला त्या खुणांवरूनच कळतं. आणि उत्तर पडताळून पाहता येतं, हे मुलांना कुणी सांगत नाही. ३ सेमी त्रिज्येचं वर्तुळ, केंद्रापासून ५ सेमीवरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायच्या. केंद्र आणि तो बिंदू जोडायचा, त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढून मध्यबिंदू मिळवायचा, मध्यबिंदू केंद्र धरून वर्तुळकेंद्रातून जाणारा कंस मारायचा. तो दिलेल्या वर्तुळाला जिथे छेदतो ते स्पर्शबिंदू, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो. आता स्पर्शिकाखंड मोजा. पायथागोरसप्रमाणे तो ४ सेमी यायला हवा. ३.७ किंवा ४.३ आला तर लंबदुभाजकात चूक आहे. परीक्षेतच दुरुस्त करता येते. समरूप त्रिकोणाच्या रचनेत, दिलेल्या त्रिकोणाच्या आणि नव्या त्रिकोणाच्या बाजूंचं गुणोत्तर ५ : ७ असेल तर किरणावर सात समान भाग घ्यायचे, पाचवी खूण जुन्या शिरोबिंदूला जोडायची आणि सातव्या खुणेतून तिला समांतर काढायची. नवा त्रिकोण मोठा यायला हवा. लहान आला तर खुणांची अदलाबदल झाली.

निर्देशक भूमितीत सूत्रं थोडी आणि मार्क मिळवून देणारी आहेत. नुकसान होतं ते ऋण चिन्हाने. बिंदू (−२, ३) आणि (४, −५) यांतलं अंतर: क्ष चा फरक ४ − (−२) = ६, य चा फरक −५ − ३ = −८, वर्गांची बेरीज १००, अंतर १०. कंस न घालणारं मूल ४ − २ = २ आणि ५ − ३ = २ करून ८ चं वर्गमूळ लिहितं. किंमत घालताना प्रत्येक ऋण संख्या कंसात, ही सवय नववीत लावावी.

त्रिकोणमितीत सूत्रं पाठ होतात, आकृती चुकते. उन्नत कोन (वर पाहतानाचा) आणि अवनत कोन (खाली पाहतानाचा) दोन्ही डोळ्यातून जाणाऱ्या आडव्या रेषेपासून मोजतात. मुलं अवनत कोन मनोऱ्याच्या उभ्या रेषेपासून दाखवतात, आणि ३० चा ६० होतो. हे हातात घेऊन शिकता येतं. मोठ्या कोनमापकाच्या मध्यभागी दोरा बांधून खाली छोटं वजन लावा, गवंड्याच्या ओळंब्यासारखं. सरळ कडेवरून गावातल्या पाण्याच्या टाकीचा माथा पाहा आणि दोरा कुठल्या अंशावर आहे ते दुसऱ्याला वाचायला सांगा. कड आडवी असताना दोरा ९० वर असतो; माथ्याकडे पाहताना ९० आणि वाचन यांतला फरक म्हणजे उन्नत कोन. तो बरोबर ४५ येईपर्यंत मागेपुढे सरका. मग टाकीपर्यंतचं अंतर अधिक तुमच्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची, एवढी टाकीची उंची. डोळ्याची उंची मिळवायची राहते, वहीतही आणि मैदानातही.

महत्त्वमापनात तीन चुका सतत दिसतात: व्यासाला त्रिज्या समजणं, शंकूची तिरकस उंची उभ्या उंचीच्या जागी घालणं, आणि एककं मिसळणं. ७ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत १० मीटर पाणी असेल तर त्रिज्या ३.५, घनफळ २२/७ × ३.५ × ३.५ × १० = ३८५ घनमीटर, म्हणजे ३,८५,००० लीटर. व्यास तसाच घातला तर पाणी चौपट होतं. ज्या भागात टँकरच्या खेपा मोजल्या जातात, तिथे ही चूक आकड्यावरूनच ओळखता यावी. शंकुछेदाचं (टोक कापलेल्या शंकूचं) सूत्र मुलांना अवजड वाटतं. त्याच बांधणीचं सूत्र शेततळ्याला लागतं. वर ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना एकास एक उतार असेल तर तळ २४ × २४ होतो. वरचं क्षेत्र ९००, खालचं ५७६, त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ७२०. बेरीज २१९६, गुणिले खोली ३, भागिले ३. उत्तर २१९६ घनमीटर. ३० × ३० × ३ केलं तर २७०० येतं, जवळपास पाचशे घनमीटर जादा.

दहावीची भूमितीची लेखी परीक्षा सध्याच्या आराखड्यात ४० गुणांची, दोन तासांची असते. बीजगणिताचे ४० आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २० वेगळे. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. पहिल्या प्रश्नात चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे उपप्रश्न, दुसऱ्यात दोन-दोन गुणांचे, तिसऱ्यात तीन-तीन गुणांचे, चौथ्यात चार गुणांचे तीनपैकी दोन आणि शेवटी तीन गुणांचा दोनपैकी एक. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात चौकटी भरून पूर्ण करायच्या कृती असतात. त्यांत नुसते चौकटीतले शब्द न लिहिता पूर्ण कृती उतरवावी, आणि चौकट भरण्याआधी वरची आणि खालची ओळ वाचावी. बऱ्याचदा उत्तर खालच्या ओळीत दडलेलं असतं. चौथ्या प्रश्नातलं उदाहरण पूर्ण सुटलं नाही तरी आकृती, पक्ष, साध्य आणि कारणांसह जेवढ्या ओळी येतात तेवढ्या लिहाव्यात. कोरी जागा सोडली तर परीक्षकाला गुण द्यायला काहीच उरत नाही.

तालुक्याच्या शाळेत सेमी इंग्रजी असेल तर आणखी एक काम आहे. गणित इंग्रजीतून येईल आणि मुलीला मराठी शब्दच माहीत असतील. वहीच्या शेवटी दोन रकाने करून लिहून ठेवायला सांगा: एकरूप म्हणजे काँग्रुअंट, समरूप म्हणजे सिमिलर, जीवा म्हणजे कॉर्ड, स्पर्शिका म्हणजे टँजंट, व्यत्यास म्हणजे कॉन्व्हर्स. मराठीत छेदिका हा शब्द दोन ठिकाणी येतो हेही तिला सांगा. समांतर रेषांच्या प्रकरणात ती ट्रान्सव्हर्सल, वर्तुळाच्या प्रकरणात सेकंट. आणि टँजंट म्हणजे वर्तुळात स्पर्शिका, त्रिकोणमितीत टॅन.

घरून मदत करायला तुम्हाला भूमिती येण्याची गरज नाही. ती उदाहरण सोडवत असताना शेजारी बसा आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: कशावरून? तिला कारणाचं नाव सांगता आलं तर पुढची ओळ. ‘असंच असतं’ म्हणाली तर तिथे पेन्सिलने फुली करा, दुसऱ्या दिवशी तीच ओळ सरांना किंवा बाईंना दाखवायची.

शेवटी, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी, कारण बीड-परभणीकडे वर्गातली बरीच लेकरं दिवाळीच्या सुमारास जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. बीजगणितात एखादं प्रकरण बुडालं तर पुढचं बऱ्यापैकी समजतं, भूमितीत साखळी तुटते. जाण्याआधी समांतर रेषा आणि त्रिकोण ही दोन प्रकरणं सिद्धतेसह पूर्ण करून घ्यावीत, शाळेत मागे-पुढे असतील तरी. सोबत भाग २ चं पुस्तक, एक वही आणि कंपासपेटी न्यावी. तिकडे शिकवणारं कुणी नसलं तरी त्रिकोण रचना पुस्तकातल्या पायऱ्या वाचून एकट्याने जमतात. चौकोनाचे गुणधर्मही जमतात, कारण ते त्रिकोणाच्या एकरूपतेतूनच निघतात. परतल्यावर आधी वर्तुळ, मग त्रिकोणमिती शिक्षकांकडून समजून घ्यावी. या दोघांचा पुढचा भाग दहावीत लगेच येतो. पृष्ठफळ व घनफळ सगळ्यात शेवटी, मे महिन्यात घरी बसून केलं तरी चालतं.